रंगाची साक्ष

तांब्यापितळेच्या भांड्याची कल्हई उडाली आणि त्यात ताक राहिलं की ते कळकतं, हे मावळातल्या कुठल्याही घरात कुणाला शिकवावं लागत नसे. ताकाला हिरवट झाक येई, चव बदले आणि ते मुकाट ओतून दिलं जाई. मग कल्हईवाल्याची वाट पाहायची. तो भाता लावी, तापलेल्या भांड्यात नवसागर टाकताच पांढरा धूर उठे, कथलाचा तुकडा वितळून पोटातून फिरे आणि भांडं पुन्हा वापरात येई. आंबटात उतरलेलं तांबं आपल्या आज्यापणज्यांनी असं डोळ्यांनी आणि जिभेनं पकडलं. ते पकडता आलं, कारण तांबं पाण्यात उतरलं की आपला निळा-हिरवा रंग घेऊनच उतरतं.

शिसं तसं करत नाही. वेशीवरच्या म्हसोबाला तेलात कालवून चढवला जाणारा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच एक संयुग. दगडावर तो लांबून दिसतो. पण शिसं पाण्यात विरघळलं की त्याला रंग नाही, वास नाही. पाऱ्याचे क्षार, कॅडमियम, सोमल (आर्सेनिक) यांचंही तेच. विरघळलेला, विद्युतभार घेतलेला धातूचा कण म्हणजे आयन. तांब्याच्या आयनात इलेक्ट्रॉनची एक जागा रिकामी असते, म्हणून तो उजेडातला काही भाग गिळतो आणि उरलेला आपल्याला निळा दिसतो. पारा आणि कॅडमियम यांच्या आयनांत ती जागा भरलेली असते, दिसणाऱ्या उजेडाशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. सर्वांत घातक धातू सर्वांत नितळ पाण्यात लपतात. गेल्या दोनशे वर्षांत माणसानं या न दिसणाऱ्या विषाला रंग द्यायला लावला. हा इतिहास भोर आणि वेल्ह्यातून पाहावा असं मला वाटतं, कारण पाणी इथून सुरू होतं. नीरा भोर तालुक्यात शिरगावजवळ उगम पावते, वेळवंडी भाटघरच्या धरणात येते, गुंजवणी आणि कानंदी राजगड-तोरण्याच्या पायथ्यानं वाहतात, आंबी पानशेतच्या धरणात अडते. खाली फलटण, बारामती, इंदापूर, माळशिरस आणि पुणे शहर. एवढ्या सगळ्यांच्या आधी जे पाणी पितात, त्यांच्या हातात ते तपासायचं साधन काय, हा प्रश्न मला या इतिहासातून विचारायचा आहे.

धातूची पारख इथे नवी नाही. शिवरायांनी तोरणा घेतला, तिथे धन सापडलं आणि ते राजगडाच्या बांधकामी लागलं, ही गोष्ट वेल्ह्यातलं मूलही सांगतं. असं धन खजिन्यात जमा होताना ते पारखणारा माणूस लागे. पोतदाराचं कामच ते. नाणं खरं की खोटं, त्यात हिणकस किती, हे तो नजरेनं, आवाजानं आणि कसोटीच्या काळ्या दगडावर उमटलेल्या रेघेच्या रंगावरून सांगे. त्याहून जुनी विद्या रसशास्त्राची. ‘रसार्णव’ या ग्रंथात धातू ज्वाळेत धरला की ज्योत कोणत्या रंगाची होते, हे नोंदवलं आहे: तांब्याची निळी, कथलाची पारव्यासारखी, शिशाची फिकट. प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनाचा इतिहास लिहिताना ही नोंद जगापुढे आणली. म्हणजे रंग ही धातूची खूण आहे, हे आपल्याकडे शतकानुशतकं ठाऊक होतं. पण ही सगळी पारख धातू मौल्यवान म्हणून होती. राज्यांनी सोनं आधी तपासलं, पाणी फार उशिरा.

विष म्हणून धातू शोधायची निकड कोर्टातून आली. १८३३ मध्ये इंग्लंडात जॉन बॉडल नावाच्या तरुणावर आजोबांना कॉफीतून सोमल दिल्याचा आरोप आला. वूलिचचा रसायनतज्ज्ञ जेम्स मार्श यानं कॉफीत हायड्रोजन सल्फाइड सोडलं, पिवळा साका बसला. सोमल असल्याची ती खूण होती. पण खटला उभा राहीपर्यंत तो पिवळा साका बिघडून गेला, ज्यूरीला पटण्यासारखं काही दिसलं नाही आणि आरोपी सुटला. पुढे त्यानं गुन्हा कबूल केल्याचं सांगतात. मार्शच्या मनाला हे इतकं लागलं की १८३६ मध्ये त्यानं नवी कसोटी काढली: सोमलाचा वायू करायचा, जाळायचा आणि थंड काचेवर त्याचा काळा चकचकीत डाग धरायचा. तो डाग टिकतो. साक्षीदारानं कोर्टात उलटू नये, एवढीच मार्शची मागणी होती आणि त्या काळ्या डागानं ती पुरी केली.

त्याच शतकात हा साक्षीदार मराठी राज्याच्या दारात येऊन उभा राहिला. ९ नोव्हेंबर १८७४. बडोद्याचे रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर सकाळी फिरून आले आणि टेबलावर ठेवलेलं पपनसाचं सरबत त्यांनी उचललं. दोन-तीन घोट घेतले, बरं वाटेना म्हणून उरलेलं फेकलं, आणि पेल्याच्या तळाशी त्यांना गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांना बोलावलं गेलं. त्यांनी गाळ तपासला. नंतर तो मुंबईला सरकारी केमिकल अ‍ॅनालायझर डॉक्टर ग्रे यांच्याकडे गेला. सोमल निघालं. गाळात चमकणारे बारीक कण होते, ती हिऱ्याची पूड असल्याचा आरोप ठेवला गेला. रेसिडेन्सीतल्या नोकरांना फितवून हे करवलं, असं म्हणत जानेवारी १८७५ मध्ये खुद्द मल्हारराव गायकवाड महाराजांना अटक झाली.

हिंदुस्थानच्या एका राजावर विषप्रयोगाचा खटला! १८७५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा जणांच्या कमिशनपुढे तो चालला. अध्यक्ष सर रिचर्ड काउच, सोबत सर रिचर्ड मीड आणि फिलिप मेलव्हिल. हिंदी सदस्य ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बाजूनं विलायतेहून वकील सार्जंट बॅलंटाइन आले. निकाल तीन विरुद्ध तीन असा लागला. तिघा इंग्रजांना गुन्हा शाबीत वाटला, तिघा हिंदी सदस्यांना वाटला नाही. सरकारनं मग गैरकारभाराचं कारण पुढे करून मल्हाररावांना गादीवरून काढलं आणि मद्रासला पाठवलं. त्याच वर्षी महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ दत्तक घेतला. तेच पुढचे सयाजीराव महाराज.

या खटल्यातली एक गोष्ट राजकारणाच्या गदारोळात मागे पडते. गाळात सोमल आहे, इथपर्यंत रसायनशास्त्र पोचलं. ते कुणी घातलं, हे सांगणं त्याच्या हातात नव्हतं. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. गाळ तपासणारे दोघेही सरकारचे होते. बाटली रेसिडेन्सीतून निघाली आणि मुंबईच्या प्रयोगशाळेत उघडली. आरोपीच्या, रयतेच्या किंवा एखाद्या वर्तमानपत्राच्या हाती तीच परीक्षा पुन्हा करून पाहायचं साधन नव्हतं. भोरच्या पंत सचिवांसारख्या संस्थानिकांनीही त्या वर्षी हे सगळं वाचलं, ऐकलं असणार. विषाची साक्ष राजधानीत निघते, ही रीत या खटल्यात ठळक दिसली. आजही संशयास्पद मृत्यू झाला की गावात म्हणतात, व्हिसेरा मुंबईच्या प्रयोगशाळेत, कलिन्याला पाठवलाय.

त्याच काळात युरोपात दुसरीच एक वाट उघडत होती आणि तिचा कोर्टाशी काही संबंध नव्हता. केंब्रिजचे जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनीनचं नितळ द्रावण उन्हाच्या त्या पट्ट्यात धरलं जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, जांभळ्याच्याही पलीकडे. द्रावण निळं उजळलं. न दिसणारा प्रकाश आत गेला आणि दिसणारा प्रकाश बाहेर आला. याला त्यांनी फ्लोरेसन्स म्हटलं, मराठीत आपण प्रतिदीप्ती म्हणतो. क्विनीन देणारा सिंकोना तेव्हा हिवतापापायी सगळ्या साम्राज्याला हवा होता. भोरच्या दक्षिणेला डोंगर ओलांडला की महाबळेश्वर. तिथल्या लिंगमळ्यावर १८६० च्या दशकात सरकारनं सिंकोना लावून पाहिला होता, तो जगला नाही.

मग १८६७. स्वित्झर्लंडमधल्या बाझलचे फ्रीडरिश गॉपेल्सरोडर. रंगारी लाकडातून मोरिन नावाचं पिवळं द्रव्य निघतं. गॉपेल्सरोडर यांना दिसलं की त्यात अ‍ॅल्युमिनियमचा क्षार पडला की मिश्रण हिरवं झळकू लागतं. मोरिन एकटं असताना तसं झळकत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा आयन येऊन त्याला धरून बसला की झळकतं. धातूचा आयन ओळखून उजेड देणारा जगातला पहिला रेणू म्हणून आजचे रसायनतज्ज्ञ याच मोरिनचं नाव घेतात. ज्या झाडाच्या लाकडातून ते घेत, ते वड, उंबर, तुतीच्या कुळातलं. त्याच कुळातला आपला फणस. फणसाच्या गाभ्याच्या पिवळ्या लाकडातही मोरिन असतं आणि बौद्ध भिक्षूंची चीवरं त्या लाकडाच्या रंगानं रंगवत आली आहेत. घाटमाथ्यावर आणि वरंध्याखाली कोकणात फणसाचं लाकूड कापताना हाताला लागणारा तो पिवळेपणा, त्यात धातू ओळखायची शक्ती होती. ती ओळखली गेली बाझलमध्ये. याचं मला वाईट वाटतं, पण त्याहून जास्त कुतूहल वाटतं.

गॉपेल्सरोडर यांचा दुसरा नाद कागदाच्या पट्ट्यांचा. पट्टी द्रावणात बुडवायची, द्रावण किती वर चढतं ते पाहायचं. रेणू आणि कागद या दोन गोष्टी एकत्र आल्या की प्रयोगशाळा खिशात मावते. हे व्हायला पन्नास-साठ वर्षं गेली. १९०५ मध्ये रशियात चुगायेव यांना डायमिथिलग्लायॉक्साइमचा गुण सापडला. निकेलच्या पाण्यात त्याचे थेंब पडले की गुलाबासारखा लाल साका. १९२५ मध्ये जर्मनीत हेल्मुट फिशर यांनी डायथायझोन धातूंसाठी वापरलं. त्याचं हिरवं द्रावण शिसं भेटलं की लाल होतं, पारा भेटला की नारिंगी. शिशालाही आता रंग मिळाला. आणि व्हिएन्नात फ्रिट्झ फायगल यांनी या सगळ्याचं एक शास्त्रच उभं केलं: कागदावर नमुन्याचा एक थेंब, त्यावर अभिक्रियाकाचा एक थेंब, मग डाग पाहा. ज्यू असल्यानं १९३८ मध्ये फायगलना व्हिएन्ना सोडावं लागलं. बेल्जियम, मग ब्राझील. रिओमध्ये त्यांनी पुन्हा बस्तान बसवलं. घरदार गेलेल्या माणसाची विद्या एका थेंबावर आणि कागदाच्या तुकड्यावर चालत होती, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. महाग यंत्राला ती बांधलेली नव्हती.

आपल्याकडे ही विद्या आली ती बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झालं, नॅशनल केमिकल लॅबोरेटरीचं उद्घाटन ३ जानेवारी १९५० ला झालं, आणि मग हळूहळू तालुक्याच्या गावीही विज्ञान शाखा निघाल्या. भोरला झाली, वेल्ह्यात विंझरला झाली. ज्यांनी सॉल्ट अ‍ॅनालिसिस केलं आहे त्यांना किपच्या उपकरणातून येणारा कुजक्या अंड्यांचा वास आयुष्यभर आठवतो. परीक्षानळीत शिशाचं पाणी असतं, अगदी साध्या पाण्यासारखं. त्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब सोडले की पिवळाधमक साका. नळी गरम केली की तो विरघळतो, नळी नितळ. गार होऊ लागली की पिवळे चमचमते पापुद्रे वरून खाली झरू लागतात. शेतकऱ्याघरचं पोर ते पाहून थक्क होतं आणि जर्नलमध्ये लिहितं: शिसं आहे, निश्चित. लाखो मराठी मुलामुलींनी हे केलं. पण नळीतलं पाणी नेहमी प्रयोगशाळेच्या बाटलीतलं होतं. वेळवंडीचं कधी नव्हतं.

याला कारणही होतं. आयोडाइडला शिसं दिसतं ते भरपूर असलं तर. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक शिशाला लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाही, कॅडमियमला ०.००३ आणि पाऱ्याला ०.००१. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत एक मिलिग्रॅम पारा. एवढ्याशानं परीक्षानळीत साका बसत नाही. आणि एवढासा धातू किती करू शकतो हे जगाला कळलं जपानच्या मिनामाता खाडीत. तिथे आधी मांजरं झिंगल्यासारखी चालू लागली, मग माणसांची बोटं, जीभ, नजर ताब्यातून जाऊ लागली. १ मे १९५६ ही त्या रोगाची अधिकृत नोंद. कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांतून माणसांत गेला, हे सरकारनं मान्य केलं १९६८ मध्ये. मधली बारा वर्षं लोक मरत राहिले आणि साक्ष कुणाची मानायची यावर वाद चालला. त्याच वर्षी जिंझू नदीकाठच्या, हाडं मोडणाऱ्या इताई-इताई रोगाचं कारण कॅडमियम असल्याचंही मान्य झालं.

मिनामातानंतर देशोदेशी कायदे झाले. महाराष्ट्रानं यात देशाच्या आधी पाऊल टाकलं: जलप्रदूषण प्रतिबंधाचा राज्याचा कायदा १९६९ चा, प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० ला स्थापन झालं, केंद्राचा कायदा त्यानंतर १९७४ मध्ये आला. आणि मोजायला यंत्र मिळालं. ऑस्ट्रेलियात अ‍ॅलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये अणुशोषण पद्धत मांडली होती. नमुना ज्वाळेत फवारायचा आणि धातूचे अणू किती उजेड गिळतात ते पाहायचं. रसार्णवातलीच ज्योत, पण आता ती आकडा सांगत होती. यंत्र अचूक, पण महाग. त्याला गॅस, वीज, दिवे आणि शिकलेला माणूस लागतो, म्हणून ते शहरात राहिलं. नमुन्याची बाटली पुन्हा गावातून निघून राजधानीत जाऊ लागली, बडोद्याच्या गाळासारखीच.

ही वाट मोडायची शक्यता १९६७ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीतून जगापुढे आली. चार्ल्स पेडरसन, जन्म कोरियातल्या बुसानचा, वडील नॉर्वेचे, आई जपानी. डॉक्टरेट नाही. दुसरंच काही बनवताना त्यांच्या हाती पांढऱ्या स्फटिकांची भेसळ आली, शंभरात अर्धा भागही नाही. फेकून न देता त्यांनी ती तपासली. तो रेणू कड्यासारखा गोल होता आणि त्याच्या मधल्या पोकळीत धातूचा आयन बसत होता. चुंबळीवर हंडा बसावा तसा. चुंबळ लहान-मोठी केली की हंडाही वेगळा. मोठ्या कड्यात पोटॅशियम, लहानात सोडियम. धातू निवडून धरणारा रेणू आता माणसाला मनाजोगा बनवता येणार होता. १९८७ मध्ये पेडरसन यांना, क्रॅम आणि लेन यांच्यासोबत, नोबेल मिळालं तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते.

धरणारा भाग मिळाला, आता उजळणारा भाग त्याला जोडायचा होता. इथे आपल्या शेजारच्या माणसाचं नाव येतं. कोलंबोत शिकलेले ए. पी. डिसिल्वा यांनी बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात याची रीतसर बांधणी केली. एका टोकाला आयन धरणारा भाग, मध्ये छोटा सांधा, दुसऱ्या टोकाला उजळणारा भाग. आयन नसताना धरणाऱ्या भागाकडचा इलेक्ट्रॉन उडी मारून उजळणाऱ्याकडे जातो आणि उजेड विझतो. आयन येऊन बसला की तो इलेक्ट्रॉन त्यात गुंततो, उडी थांबते, रेणू उजळतो. रॉजर चेन यांनी १९८० च्या दशकात अशाच रेणूंनी जिवंत पेशीतलं कॅल्शियम डोळ्यांना दाखवलं. १९९७ मध्ये अँथनी झार्निक यांच्या गटानं ऱ्होडामाइन या गुलाबी रंगाचा असा एक रूपबंध घेतला ज्यात त्याचं एक कडं बंद असतं आणि म्हणून तो बिनरंगी, विझलेला असतो. तांब्याचा आयन आला की कडं उघडतं. नितळ द्रावण गुलाबी होतं आणि जांभळ्या दिव्याखाली झगझगतं. डोळ्यांनाही दिसतं, दिव्यालाही.

पाऱ्याशी लढाई सर्वांत अवघड गेली. पाऱ्याचा जड अणू जवळ आला की रेणूचा उजेड विझवतो, त्यामुळे सुरुवातीचे संवेदक पारा आला की अंधारायचे. अंधार ही कच्ची साक्ष. उजेड शंभर कारणांनी जाऊ शकतो. मग रसायनतज्ज्ञांनी पाऱ्याच्या एका जुन्या ओढीचा उपयोग केला: गंधक. पारा-गंधकाचं नातं आपल्या रसवैद्यांना, दोन्ही खलून होणाऱ्या कज्जलीपासून, ठाऊक होतंच. बंद रेणूत गंधक ठेवायचं, पारा ते ओढून घेतो, रेणू उघडतो आणि उजळतो. पारा आला की उजेड, हे अशा रीतीनं साधलं.

महाराष्ट्रात या विद्येनं चांगलं मूळ धरलं. आयआयटी मुंबईत चेब्रोलू पी. राव यांनी कॅलिक्सअरीन नावाच्या पेल्यासारख्या रेणूंना हात जोडून धातू ओळखणारे कितीतरी संवेदक बनवले. पुण्यात एनसीएलमध्ये अमिताव दास यांनी यावर काम केलं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तर फ्लोरेसन्स स्पेक्ट्रोस्कोपीची वेगळी संशोधन प्रयोगशाळाच उभी राहिली. जळगावच्या विद्यापीठातून आणि खानदेशातल्या महाविद्यालयांतून या विषयावर शोधनिबंध निघाले. लहान गावचं महाविद्यालय या विषयाकडे वळतं याचं कारण साधं आहे. एक अल्डिहाइड, एक अमाइन, अल्कोहोलमध्ये काही तास उकळायचं, गार करायचं, पिवळे स्फटिक गाळायचे. एवढ्यावर संवेदक तयार होऊ शकतो. मग ओळीनं कुप्या मांडायच्या, प्रत्येकीत एकेक धातू, आणि खोलीत अंधार करून नोटा तपासायचा जांभळा दिवा धरायचा. सगळ्या कुप्या गप्प, एकच हिरवी पेटलेली. हे दृश्य पाहिलेला विद्यार्थी रसायनशास्त्र सोडत नाही.

पण माझी खरी तक्रार इथेच आहे आणि ती मनापासून आहे. यातले बरेचसे संवेदक शोधनिबंधाच्या पुढे गेलेच नाहीत. ते अ‍ॅसिटोनायट्राइलसारख्या द्रावकात काम करतात, निव्वळ पाण्यात नाही. तांबं आणि लोखंड मध्ये आलं की गोंधळतात. प्रयोगशाळेच्या शुद्ध क्षारावर अचूक, पण पावसाळ्यात लाल मातीनं गढूळ झालेल्या ओढ्यावर कुणी पाहिलेलं नसतं. ‘प्रत्यक्ष नमुना’ म्हणून निबंधात नळाचं पाणी येतं, त्यात मुद्दाम धातू मिसळलेला असतो. निबंध छापून आला की रेणूचं काम संपतं. गॉपेल्सरोडरचा कागद आणि फायगलचा थेंब ज्या कामासाठी होते, ते काम अर्ध्यावर आहे.

आणि गावात ती जागा तयार आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत क्लोरीनची टीसीएल पावडर टाकतो आणि नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का पाहतो. त्याला सगळे ओटी टेस्ट म्हणतात. जंतू आहेत का पाहायला त्याच्याकडे बाटली असते. पाणी भरून ठेवायचं, दीड-दोन दिवसांत काळं पडलं तर पाणी पिण्याजोगं नाही. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडलेली ही चाचणी. तो काळा रंगही लोखंडाच्या सल्फाइडचाच, मार्शच्या पिवळ्या साक्याचा नातेवाईक. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाल्यावर गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवलं गेलं. त्या रंगपट्टी धरतात, कुपीचा रंग तिच्याशी जुळवतात आणि नोंद करतात. फ्लोराइड, नायट्रेट, लोह, क्षार हे त्या पाहू शकतात. शिसं, पारा, कॅडमियम नेहमीच्या किटमध्ये नसतं. रंग वाचायला शिकलेले हात आहेत, रंग देणारे रेणू पुण्या-मुंबईच्या कपाटांत आहेत, आणि या दोघांची गाठ पडलेली नाही.

भोर-वेल्ह्यानं ही गाठ घालावी, असं मी म्हणतो ते भीती घालायला नाही. उलट हा नदीचा वरचा भाग आहे, म्हणूनच. महामार्गालगत खेड-शिवापूर, शिरवळकडे कारखाने वाढले आहेत. वरंधा उतरला की महाडची रासायनिक वसाहत. उद्या खाली कुणी विचारलं की हा धातू नदीत आधीपासून होता की नंतर आला, तर उत्तर देता आलं पाहिजे, आणि ते उत्तर फक्त उगमाजवळच्या, वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदींतून मिळतं. मिनामाताच्या मच्छीमारांकडे अशी नोंद नव्हती. बारा वर्षं त्यांना तीही उणीव नडली.

म्हणून भोरच्या आणि विंझरच्या महाविद्यालयांतल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. पुढचा संवेदक बनवाल तेव्हा तो आधी पाण्यात चालेल असा बनवा आणि कागदाच्या पट्टीवर चढवा. प्रत्यक्ष नमुना म्हणून प्रयोगशाळेतला नळ घेऊ नका. शिरगावची नीरा घ्या, भाटघरची वेळवंडी घ्या, वेल्ह्याची कानंदी आणि गुंजवणी घ्या, पावसाच्या आधी एकदा, नंतर एकदा. गणपती विसर्जनानंतरचं पाणीही घ्या, कारण रंगांतून शिसं येऊ शकतं. पट्टी काय म्हणते ते पुण्याच्या यंत्रावर ताडून पाहा. गावातल्या ज्या बाया किट चालवतात त्यांना पट्टी वापरायला द्या आणि त्यांनी काय पाहिलं ते तुमच्या निबंधात त्यांच्या नावानिशी छापा. आणि ग्रामपंचायतींनो, तो निकाल फायलीत ठेवू नका. पाणीपट्टीची थकबाकी ज्या फळ्यावर लावता, त्याच फळ्यावर तारीख घालून लावा.